सातपोट्या राक्षसाचं मूळ

पाचवा महिना, दिवस नववा

प्रांताच्या परीक्षेत सहा वेळा नापास झालेल्या माणसाला आता कसला धक्का बसायचा, असं मला वाटत होतं. आज शाव मालकांनी तो दिला. मी त्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मागायला गेलो होतो. त्यांनी मला कादंबरी लिहायला सांगितली.

"तुम्ही मूळचे उत्तरेकडचे ना, फान मास्तर? ती बोली कळते?"

"घरात आई तीच बोलते."

"मग झालं तर!"

डोंगरावरच्या मठात फामिन नावाचा म्हातारा भिक्खू आहे. बाजाराच्या दिवशी तो पायऱ्यांवर बसून पश्चिमेला धर्मग्रंथ आणायला निघालेल्या एका यात्रेकरूची गोष्ट सांगतो. बोली इतकी जाड की इथल्या लोकांना निम्मी कळत नाही, तरी ते पोट धरून हसतात. मालकांचं म्हणणं असं, की निम्मी कळून एवढं हसतात तर पूर्ण कळल्यावर काय होईल! मी ती उतरवून घ्यायची, फुलवायची आणि आठव्या महिन्याच्या आत शेवटचं पान द्यायचं.

जुने ग्रंथ तोंडपाठ असलेला मी, भिक्खूंच्या बाजारगप्पा लिहिणार. हो म्हणून आलो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मठात जातोस तर बूट पुसून जा." बस्स. आम्ही दक्षिणेत आलो तेव्हापासून तिनं मांसाला हात लावलेला नाही. खाटकाच्या दुकानावरून जायचं झालं तर गल्ली बदलते. हातात सारखी जपमाळ. म्हाताऱ्या बायकांची भाबडी भक्ती, दुसरं काय.

दिवस बारावा

आज पहिल्यांदा ऐकलं. फामिन भंते बासष्टीचे असतील, अंगानं काटकुळे, हात मात्र एवढाले रुंद की त्या देहाचे वाटत नाहीत. गोष्ट ठीकच आहे. पण तीत एक सातपोट्या राक्षस आहे आणि तो आला की माणसं उठायचं नाव घेत नाहीत. तो खिंडीत बसतो, वाटसरू खातो. एक पोट भरलं की दुसरं ओरडायला लागतं. यात्रेकरू त्याच्या तावडीत सापडतो आणि म्हणतो, "खा बाबा. पण फार तहान लागलीय, आधी थोडं पाणी आण." राक्षसाकडे आजवर कुणी काही मागितलेलंच नसतं. तो गोंधळून पाणी आणायला जातो. आणतो. यात्रेकरू पितो आणि चालू लागतो. राक्षस पाण्याची कावड खांद्यावर घेऊन त्याच्या मागून निघतो.

लोक इतके हसत होते की एका बाईच्या टोपलीतली अंडी फुटली. भंते स्वतः हसत नाहीत. हसू ओसरेपर्यंत मान खाली घालून थांबतात आणि मग पुढचं वाक्य. मला हे कसब वाटलं. नट असाच थांबतो.

दिवस विसावा

राक्षसाचा अध्याय लिहून झाला. मीच लिहिलाय म्हणून सांगत नाही, पण बहारदार झालाय. सातही पोटांना मी नावं दिली आणि ती आपसांत भांडतात. तिसरं म्हणतं, "मला नेहमी हाडंच!" पाचवं म्हणतं, "तू निदान चावतंस, मला नुसता रस्सा." मालक वाचताना खुर्चीवरून घसरले. लगेच ठसे कोरायला दिले.

ठसे यिनकाकी कोरते. पेअरच्या लाकडावर उलटी अक्षरं सपासप काढते, पण तिला वाचता येत नाही. म्हणून कोरताना मी तिला वाचून दाखवतो. ती हसली नाही. म्हणाली, "मास्तर, पाणी आणायला गेला तेव्हा तो पळून का नाही गेला?"

"राक्षस कशाला पळेल, काकी?"

"मी असते तर पळाले असते. सुटायची तेवढीच वेळ होती."

अडाणी बायका गोष्टीत कुठून कुठे शिरतात!

सहावा महिना, दिवस तिसरा

आता मी दोन दिवसांआड वर जातो. भंते मला जेवायला वाढतात, स्वतः समोर बसून जेवत नाहीत. दुपारच्या आधी एकदाच, पाठमोरे बसून, पातळ पेज. त्यातले पहिले तीन घास भुकेल्या प्रेतात्म्यांसाठी दगडावर ठेवतात आणि ते ठेवताना त्यांचा हात कापतो. वयामुळे असेल.

एक गंमत सापडली. पेजेला ते 'पांढरं पाणी' म्हणतात. मला वाटायचं, हा शब्द फक्त आमच्या आईचा आहे. घरी गेल्यावर तिला सांगितलं तर ती भाजी चिरायची थांबली. "कुठला हाय तो?" म्हणाली. मी म्हटलं, लुओ नदीकडचा कुठला तरी. तिनं पुन्हा चिरायला घेतलं. तिला आपल्या मुलखाची आठवण काढलेली आवडत नाही. वडील त्या दुष्काळात गेले. ताईला त्याच साली लग्नाचं ठरवून दुसऱ्यांच्या घरी दिलं, नंतर तिची काही खबर नाही. मी सहा वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की मी सारखा कुणाच्या तरी पाठीवर होतो.

दिवस अकरावा

 आजच लिहितो, नाहीतर उद्या मला हे खरं वाटणार नाही.

प्रस्तावनेसाठी मला राक्षसाचं मूळ हवं होतं. भंतेंना विचारलं, "हा सातपोट्या कुठल्या सूत्रातला?"

"कुठल्याच न्हाई."

"मग कुठल्या मठात चित्र पाहिलंत?"

"मास्तर, त्यो मी हाय."

मी हसलो. देवा, मी हसलो. मला वाटलं, नवा विनोद आहे. ते मान खाली घालून थांबले, पायऱ्यांवर थांबतात तसेच. मग सांगायला लागले. तोच आवाज, तीच चाल.

"मी खाटीक व्हतो. फुटक्या पुलाजवळ दुकान. दोन वर्सं पाऊस न्हाई. आधी बकरी सपली, मंग बैल, कुत्री. मंग लोक मानसं घिऊन यायला लागले. सोताचं लेकरू सोताच्या भांड्यात कुनी घालत न्हाई, मास्तर. म्हनून माज्याकडं यायचे. एकाचं दुसऱ्याला द्यायचं. मला त्यातला वाटा."

मी लेखणी खाली ठेवली. 

"एक भिक्खू त्या वाटेनं आला. एकटा. त्याला धरला. त्यानं पानी मागितलं. मी आनून दिलं. त्यो प्याला आन चालायला लागला. मी सुरी तिथंच टाकली आन त्याच्या मागं गेलो. त्योच माजा गुरू. त्यानं मुंडन केलं आन सांगितलं, चार मानसांम्होरं आपल्या तोंडानं सांगत जा, मरंस्तवर. पयल्यांदा हाय तसं सांगितलं. लोकांनी धोंडे मारले. दुसऱ्या गावात उठून पळाले. ऐकायला मानूसच ऱ्हायना. मंग मी म्हनलं, एक राक्षस व्हता. तवा बसले." थोडं थांबून ते म्हणाले, "चौतीस वर्सं हसत्यात."

मी कागद तिथंच टाकून डोंगर उतरलो. निम्म्या वाटेवर आलो तेव्हा लक्षात आलं की मी धावतोय.

दिवस बारावा

तिसरं पोट म्हणतं, "मला नेहमी हाडंच!" हे मी लिहिलंय. कोरलंसुद्धा गेलंय.

दिवस पंधरावा

आईला सांगायचं नव्हतं. पण चार दिवस मी जेवलो नाही. तिनं खनपटीला बसून विचारलं, तेव्हा नाव न घेता सांगितलं, की मठातला एक भिक्खू पूर्वी खाटीक होता आणि दुष्काळात त्यानं भयंकर काही केलं. मला वाटलं, ती कानांवर हात ठेवेल. तिनं विचारलं, "दुकान कुठं व्हतं म्हनला?"

"फुटक्या पुलाजवळ."

तिच्या हातातली माळ तुटली नाही, पडली नाही. ती मणी ओढत राहिली. पुरे एकशे आठ झाल्यावर म्हणाली, "उद्या मला वर ने."

"आई, असल्या माणसाला बघून काय करणार आहेस?"

"ने म्हनले ना!"

दिवस सोळावा

ती अख्खा डोंगर चढली. वाटेत कुठे टेकली नाही. भंते अंगण झाडत होते. आई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, नमस्कारही केला नाही.

"अकराव्या महिन्यात एक बाई आली व्हती. पाठीवर पोरगा, हाताला पोरगी."

भंतेंच्या हातातला खराटा थांबला. "लई आल्या, माय. मी तोंडं बघत नव्हतो."

"मी पुन्नापुन्ना इचारलं व्हतं. म्हनलं, तू मला देशील त्यात माजी पोर नको. तू म्हनलास, न्हाई देनार. पस्तीस वर्सं झाली. दिलंस का न्हाई, तेवढंच सांग."

भंतेंनी वर पाहिलं. बराच वेळ आईकडे पाहत राहिले.

"न्हाई दिलं," ते म्हणाले. "दुसऱ्या घरचं व्हतं. मला याद हाय."

आई खाली बसली. आधी गुडघे, मग हात, मग कपाळ, अशी ती त्या अंगणात पसरली आणि रडली. मी आईला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती रडल्याचं मला आठवत नाही. भंते तिच्या शेजारी कपाळ टेकून पडून राहिले. कोण कुणाला नमस्कार करत होतं, मला सांगता येणार नाही.

उतरताना मी विचारलं. विचारायला नको होतं. पण पाठीवरचा पोरगा मी होतो, एवढं तरी मला कळणारच ना.

"आई, मी?"

"तू. तीन दिस. मी न्हाई खाल्लं, पर त्यात माजं काय मोठंपन? मीच तर नेली व्हती तिला." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "म्हनून तू हायस."

दिवस सतरावा

काही लिहिवत नाही.

दिवस चोविसावा

मी एकेचाळीस वर्षांचा आहे. करुणेवर निबंध लिहून मी तालुक्यात पहिला आलो होतो. तो निबंध काल बाहेर काढला. अक्षर फार सुंदर आहे.

आई मात्र बदलली. गाढ झोपते. सकाळी चुलीपाशी गुणगुणते. मला तिचा राग येतो आणि लगेच लाज वाटते. भंतेंना ते नेमकं आठवलं, हे आमचं नशीबच. एवढ्या लोकांतून एका बाईला दिलेला शब्द आठवणं सोपं नाही.

सातवा महिना, दिवस दुसरा

वर गेलो, शेवटचा अध्याय विचारायला. भंते सभामंडपात दगडी फरशीवर गुडघ्यांवर बसलेले. मठाचे आचार्य म्हणाले, गेल्या महिन्यापासून रोज असेच बसतात. शपथ मोडली म्हणतात. खोटं बोललो म्हणतात. कुणाशी, कशाबद्दल, ते सांगत नाहीत.

मला हे फार विचित्र वाटलं. ज्यानं आपलं सगळ्यांत घोर पाप चव्हाट्यावर सांगितलं, त्यानं असं कुठलं किरकोळ खोटं उराशी धरलंय? म्हातारपणी मन भरकटतं, हेच खरं.

मला बघून ते उठले. गुडघे सुजले होते. मी म्हटलं, "भंते, मी पोटांचा अध्याय जाळायला निघालो होतो. ठसे मालकांच्या ताब्यात आहेत."

"कशाला जाळता? वाचा की."

"कसं वाचू?"

"वाचा."

मी वाचलं. पोटांचं भांडण, हाडं, रस्सा, सगळं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या माझ्या. भंते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हसाया बसतील, बसले तर ऐकतील."

"आणि शेवट? राक्षसाचं काय होतं?"

"मला म्हाईत न्हाई. मी तितवर गेलोच न्हाई." खोकल्याची उबळ आली, मग म्हणाले, "त्याला मारू नका. सोन्याच्या कमळावर बी बसवू नका. कावड असू द्या खांद्यावर." मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. "मास्तर, या पुनवंला गोष्ट तुमी सांगा. माजं तोंड आता त्या कामाचं न्हाई ऱ्हायलं."

खोकला फारच वाढलाय त्यांचा.

दिवस सहावा

मालकांशी भांडण झालं. मी शेवट लिहून दिला: ग्रंथ मिळतात, यात्रेकरूचा सत्कार होतो आणि राक्षस रिकामी कावड उचलून विहीर शोधायला जातो.

"आणि?"

"एवढंच."

"मास्तर, फुटला पाहिजे तो! एकेक पोट! सात स्फोट, सात पानं, सात चित्रं!"

"तो माणूस आहे, मालक."

"कोण?"

 मालक वाईट नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लोक दिवसभर बांबू तोडतात, मास्तर. रडायला त्यांना माझं दुकान कशाला हवं?" शेवट ते दुसऱ्याकडून लिहून घेणार आहेत. आधीच्या अध्यायांवर माझं नाव घालू का, असंही विचारलं. नको म्हटलं.

निघताना यिनकाकीनं माझी दोन पानं उचलली. "फुरसतीत कोरते. मालकांना कशाला सांगायचं?"

"काकी, छापणार कोण ते?"

"ते बघू. आधी मला वाचून तर दाखवा."

सातवा महिना, पौर्णिमेनंतरचा दिवस

काल दुपारी मठात भुकेल्या प्रेतात्म्यांना अन्नदान होतं. सगळा गाव वर आला होता. ढोल थांबल्यावर मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. फान मास्तर गोष्ट सांगणार म्हणून आधीच खसखस पिकली. मालक पुढेच बसलेले. भंते अगदी मागे, फाटकाच्या उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकून. आई बायकांमध्ये.

मी सांगितलं. पोटांच्या भांडणाला अंगण दणाणलं. मी मान खाली घालून थांबलो. त्या थांबण्यात काय असतं, ते मला काल कळलं. ते कसब नाही. त्या वेळी वर बघवतच नाही.

राक्षस पाणी आणायला गेला, तिथे मी गोष्ट थांबवली आणि ठरवलेलं बोललो. "लोकहो, हा राक्षस नव्हता. दुष्काळ होता आणि माणसं होती. मी सहा वर्षांचा होतो. मीही खाल्लं."

 आणि मग हशा! असा हशा मी त्या अंगणात कधी ऐकला नव्हता. परीक्षेला सहा वेळा बसलेला, लांब बाह्यांचा, किरकोळ फान मास्तर, आणि म्हणे माणूस खाल्ला! कुणीतरी ओरडलं, "कुठल्या पोटात, मास्तर?" मालक मांडीवर थापा मारत होते. मी पुन्हा म्हणालो, "खरंच खाल्लं." ते आणखी हसले.  फाटकाकडे पाहिलं. भंतेंनी डोळे मिटून घेतले होते.

तेव्हा बायकांतून आई उठली. एवढीशी म्हातारी, तिला उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागला.

"त्यानं खाल्लं न्हाई, मी भरवलं," ती म्हणाली. तिची बोली कुणाला कळते, कुणाला नाही, म्हणून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "माजी पोर दिऊन आनलं व्हतं. नऊ वर्सांची. ह्वाइमेई नाव तिचं."

मी ताईचं नाव काल पहिल्यांदा ऐकलं. मला ती ताई म्हणूनच ठाऊक होती.

हसू एकदम थांबलं नाही. आधी पुढच्यांचं, मग मधल्यांचं. मागचे दोघं-तिघं काही न कळून हसतच होते, त्यांना कुणीतरी कोपरानं ढोसलं. मालक उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते फाटकाकडे चालू लागले आणि त्यांच्यामागून माणसं उठत गेली, पोरांचे हात घट्ट धरून. कुणी धोंडा मारला नाही. अर्ध्याहून जास्त अंगण रिकामं झालं. आई उभीच होती.

उरले चाळीसएक असतील. बहुतेक म्हातारे. लाकूडवाला आजोबा, जो कुणाशीच बोलत नाही, तो आमच्या बोलीत म्हणाला, "बस, बहिनी. बस खाली." मला हे ठाऊकच नव्हतं, की तो उत्तरेचा आहे.

आई बसली.  मला वाटलं, उठावं. यिनकाकी समोरच मांडी घालून बसली होती, बोटांना अजून लाकडाचा भुसा. तिनं मान वर केली.

"मास्तर," ती म्हणाली, "तो पाणी आणायला गेला, तिथवर आलो होतो. पुढं काय झालं?"

मी पुढं सांगायला लागलो.